घारापुरी बेटावरील प्रेक्षणीय स्थळे

घारापुरी हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील, उरण तालुक्यातील एक लहान बेट आहे. मुंबई बंदराच्या पाण्यात, गेटवे ऑफ इंडियापासून सुमारे १० किलोमीटर पूर्वेस ते वसले आहे. येथील शैव लेण्यांना १९८७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले आणि तेव्हापासून बेटाचे नाव व लेण्यांचे नाव जवळजवळ एकच होऊन बसले. पर्यटकांच्या तोंडी ते अजूनही पोर्तुगीजांनी दिलेल्या ‘एलिफंटा’ या नावाने रूढ आहे. दरवर्षी लाखो लोक येथे येतात, मुख्य लेणे पाहतात, धक्क्यावर नारळपाणी पितात आणि दोन-अडीच तासांत परततात. दोन डोंगर, तीन गावे, तोफांचा माथा, बौद्ध स्तूपाचे अवशेष, तिवरांची झाडी आणि प्राचीन बंदराच्या खुणा हा बेटाचा उरलेला भाग बहुतेकांच्या नजरेआडच राहतो. प्रस्तुत लेखात लेण्यांबरोबरच या उर्वरित बेटाचीही माहिती दिली आहे.

स्थान व भूरचना

रायगडच्या किनाऱ्यालगत लहान-मोठी अनेक बेटे आहेत. अलिबागजवळ खांदेरी, उंदेरी व कुलाबा, तर मुरुडजवळ जंजिरा व पद्मदुर्ग ही त्यांतील प्रसिद्ध नावे. ही सारी प्रामुख्याने जलदुर्ग म्हणून ओळखली जातात. घारापुरीवर तटबंदीचा किल्ला नाही आणि मुंबईच्या इतके जवळ असूनही येथे कायमची ग्रामवस्ती टिकून आहे. या दोन गोष्टींमुळे ते बाकीच्यांहून वेगळे पडते.

बेट सुमारे अडीच किलोमीटर लांबीचे आहे. त्यावर दोन डोंगर असून मध्ये एक अरुंद खिंड आहे. पश्चिमेकडील डोंगरात पाच शैव लेणी कोरलेली आहेत. पूर्वेकडील डोंगर ‘स्तूप टेकडी’ म्हणून ओळखला जातो आणि तोच दोहोंत उंच आहे. खडक दख्खनच्या पठारावर सर्वत्र आढळणारा काळा बेसाल्ट, म्हणजे कातळ आहे. आंबा, चिंच, करंज आणि ताडाची झाडे डोंगरउतारांवर आढळतात, तर किनाऱ्याला तिवरांची कड आहे.

भरती आणि ओहोटी यांच्या वेळी हे बेट वेगवेगळ्या आकाराचे दिसते. भरतीला पाणी तिवरांच्या मुळांशी येऊन टेकते. ओहोटीला बेटाभोवती चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि बेटाने अंग पसरल्यासारखे वाटते. उतारूंच्या धक्क्याला समुद्रात इतके दूर का नेले आहे, याचे उत्तर या चिखलात आहे. किनाऱ्यालगत ओहोटीच्या वेळी लाँच तरंगण्याइतके पाणीच राहत नाही.

नावे

‘घारापुरी’ या नावाची व्युत्पत्ती निश्चित नाही. काही अभ्यासक ते ‘अग्रहारपुरी’ या शब्दापासून आले असे मानतात, काही त्याचा संबंध गुरव, म्हणजे देवळातील पुजारी या अर्थाच्या शब्दाशी जोडतात, तर ‘लेण्यांचे नगर’ असा लोकप्रिय अर्थही दिला जातो. इ.स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने कोकणातील मौर्यांची ‘पुरी’ जिंकल्याचा उल्लेख असून तिला पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हटले आहे. ही पुरी म्हणजेच घारापुरी असे काही विद्वानांचे मत आहे. इतरांनी राजपुरी व अन्य स्थळे सुचवली आहेत.

पोर्तुगीजांच्या ताब्यात हे बेट १५३४ साली आले. दक्षिण किनाऱ्यावरील जुन्या बंदराजवळ त्यांना एकाच दगडात घडवलेला मोठा हत्ती दिसला आणि त्यावरून त्यांनी बेटाला नाव दिले. ज्या हत्तीमुळे हे नाव पडले तो आता बेटावर नाही. त्याची हकीकत लेखाच्या अखेरीस दिली आहे.

समुद्रप्रवास

गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने बेटावर पोहोचण्यास सुमारे एक तास लागतो. हा तास केवळ वाट काढण्याचा मानू नये. पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत गजबजलेल्या बंदरांपैकी एकाचे दर्शन या प्रवासात आपसूक घडते. नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजे, नौदलाची जहाजे, तेलवाहू जहाजांसाठी राखलेले जवाहर द्वीप, उत्तरेस तुर्भ्याच्या टेकड्या व भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इमारती, पूर्वेस न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या उंच याऱ्या असे दृश्य क्रमाक्रमाने उलगडते. जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झालेला शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू बेटाच्या उत्तरेकडून जातो. हवा स्वच्छ असेल तर त्याची लांबलचक रेषा लाँचमधून दिसते.

हिवाळ्यात या प्रवासाला कुरव पक्ष्यांची सोबत असते. उत्तरेकडील थंड प्रदेशांतून आलेले हे पांढरे-राखी समुद्रपक्षी लाँचच्या मागे थव्याने उडतात. उतारू त्यांना गाठी-शेव वा कुरमुरे टाकतात आणि पक्षी ते हवेतच झेलतात. मुलांना हा खेळ फार आवडतो. मात्र तळलेले, खारवलेले खाद्य हे त्या पक्ष्यांचे अन्न नव्हे. मासे, किडे आणि चिखलातील लहान जीव खाऊन जगणाऱ्या पक्ष्याला त्याची सवय लावणे योग्य नाही. नुसते पाहण्यातही आनंद कमी नाही.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. प्रवासी बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती. या अपघातात दोन्ही बोटींवरील मिळून १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर या मार्गावर जीवरक्षक जाकिटांचा प्रश्न प्रथमच गांभीर्याने चर्चिला गेला. प्रवाशाने लाँचमध्ये बसताच जाकीट मागून घ्यावे व उतरेपर्यंत अंगावरून काढू नये. उकाडा होतो किंवा छायाचित्र चांगले येत नाही ही कारणे पुरेशी नाहीत.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि हवामान पाहूनच लाँच सोडल्या जातात, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात फेरी ऐन वेळी रद्द होऊ शकते. लेणी सोमवारी बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखकर होय. न्हावा व उरणच्या बाजूनेही बेटाशी ये-जा चालते. ती मुख्यतः गावकऱ्यांच्या उपयोगाची आहे.

धक्का ते लेणी

लाँच शेतबंदर गावाच्या बाजूला लागते. धक्क्यावरून पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत एक छोटी आगगाडी धावते. अंतर थोडे असल्याने चालत जाणे केव्हाही चांगले, कारण दोन्ही बाजूंचा चिखल आणि तिवरे पाहण्यास याहून सोयीची जागा बेटावर नाही. ओहोटी असेल तर निवट्या हे लहान मासे पाण्याबाहेर चिखलावरून सरपटताना, उड्या मारताना दिसतात. पाण्याबाहेर काही काळ राहू शकणारा मासा प्रत्यक्ष पाहण्याची ही संधी शाळेच्या सहलींनी सहसा वाया घालवलेली असते, कारण सर्वांना गाडीत जागा पकडण्याची घाई असते. येथेच बगळे, तुतारी यांसारखे पक्षी भक्ष्य शोधताना आढळतात.

पुढे सुमारे १२० पायऱ्यांचा चढ आहे. त्यावर दोन्ही बाजूंनी दुकाने असून वर ताडपत्र्यांचे छप्पर असते. मण्यांच्या माळा, दगडी मूर्ती, टोप्या, ओल्या कैरीच्या फोडी, काकड्या, बोरे असा माल मांडलेला असतो. या दुकानांवर बेटावरील बरीच कुटुंबे अवलंबून आहेत. ज्यांना चढ जमत नाही त्यांच्यासाठी खुर्चीच्या डोलीची सोय आहे. ग्रामपंचायत प्रत्येक पर्यटकाकडून एक लहान कर घेते. पुरातत्त्व खात्याचे तिकीट त्याहून वेगळे असते.

पायऱ्यांवर आणि लेण्यांच्या आवारात माकडांचा मोठा वावर आहे. ती हातातील बाटली, खाऊची पिशवी आणि प्रसंगी चष्माही हिसकावतात. त्यांना कोणी शिकवले असेल तर ते पर्यटकांनीच, खायला देऊन देऊन.

मुख्य लेणे

पश्चिम डोंगरातील पहिले लेणे हे बेटाचे प्रमुख आकर्षण आहे. त्याचा काळ सर्वसाधारणपणे इ.स.च्या सहाव्या शतकाचा मध्य मानला जातो. लेण्यावर आज कोणताही कोरीव लेख नाही. पोर्तुगीजांनी येथील एक शिलालेख वाचण्यासाठी काढून पोर्तुगालला पाठवला आणि तो पुढे गहाळ झाला, असे सोळाव्या शतकातील पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु याने लिहून ठेवले आहे. हा लेख हाती असता तर लेणे कोणी खोदविले हा वाद उरला नसता. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी मिळाल्यामुळे अनेक अभ्यासक निर्मितीचे श्रेय कलचुरींना देतात. कोकणचे मौर्य हेही एक उत्तर सुचवले जाते.

लेण्याची लांबी व रुंदी प्रत्येकी सुमारे ३९ मीटर आहे. गाभारा आणि शिल्पे पाहण्यापूर्वी त्याची रचना समजून घेतल्यास पुढील दर्शन सोपे होते. लेण्याला उत्तर, पूर्व व पश्चिम अशा तीन बाजूंनी प्रवेश आहे. बहुतेक लोक उत्तरेकडून शिरतात आणि समोर, दक्षिण भिंतीत, त्यांना सदाशिवाची भव्य मूर्ती दिसते. ही झाली एक वाट. दुसरी वाट पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते आणि शिवलिंगाच्या गाभाऱ्यापाशी पोहोचते. गाभाऱ्याला चारही दिशांना दारे असून प्रत्येक दाराशी उंच द्वारपाल उभे आहेत. म्हणजे एकाच मंडपात दोन अक्ष परस्परांना छेदतात. एक मूर्तिरूप शिवाकडे नेतो, दुसरा लिंगरूप शिवाकडे. मार्गदर्शक हे क्वचित सांगतात, त्यामुळे पूर्वेकडील अंगणात जाऊन तेथून पुन्हा आत येण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. सकाळी लवकर गेल्यास त्या बाजूने प्रकाश आत शिरतो आणि खांबांच्या रांगा अगदी निराळ्या दिसतात.

सदाशिवाची मूर्ती सुमारे साडेपाच मीटर उंच आहे. तिला ‘त्रिमूर्ती’ म्हणण्याची प्रथा रूढ असून ब्रह्मा, विष्णू व महेश असा तिचा अर्थ आजही सांगितला जातो. तो बरोबर नाही. तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. मधले मुख शांत, डोळे मिटलेले, स्वतःत मग्न असे आहे. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताचे मुख उग्र असून त्याला मिशा आहेत व हातात सर्प आहे. हे अघोर किंवा भैरव रूप होय. उजव्या हाताचे मुख सौम्य, स्त्रीसदृश असून हातात कमळ आहे. ते वामदेव किंवा उमा रूप मानले जाते. पंचमुखी सदाशिवाची उरलेली दोन मुखे, एक मागील बाजूचे व एक वरचे, कोरलेली नसून अध्याहृत आहेत. तिन्ही भावांना एकाच खांद्यावर पेलून धरताना शिल्पकाराने कोठेही ओढाताण केलेली नाही. भारतीय शिल्पकलेतील श्रेष्ठ कृतींत या मूर्तीची गणना होते, आणि ती योग्यच आहे.

या मूर्तीच्या पूर्वेस अर्धनारीश्वर व पश्चिमेस गंगाधर आहे. पश्चिमद्वाराच्या बाजूस अंधकासुरवध आणि कल्याणसुंदर, म्हणजे शिव-पार्वतीचा विवाह, अशी दोन शिल्पे आहेत. विवाहशिल्पातील पार्वतीची लज्जेने झुकलेली मान आणि अंधकवधातील शिवाचा विकट आवेश एकमेकांपासून काही पावलांवर पाहावयास मिळतात. पूर्वद्वाराशी कैलास हलवणारा रावण आणि सारीपाट खेळणारे उमा-महेश्वर आहेत. उत्तरद्वाराच्या दोन बाजूंस नटराज आणि योगीश्वर आहेत. एकीकडे नृत्याची गती तर दुसरीकडे समाधीची स्थिरता अशी ही जोडी मुद्दाम समोरासमोर आणलेली दिसते.

शिल्पांची मोडतोड मोठी आहे. बहुतेक मूर्तींचे पाय व खालचा भाग नाहीसा झाला आहे. पोर्तुगीज सैनिकांनी येथे बंदुकांचा सराव केला असे परंपरेने सांगितले जाते. पण सारा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही. कातळातून झिरपणारे पाणी, खारी हवा आणि शतकानुशतकांची उपेक्षा यांनीही आपला वाटा उचलला आहे. कोसळलेले काही खांब विसाव्या शतकात नव्याने उभारण्यात आले. त्यांचा गुळगुळीतपणा लक्ष देऊन पाहिल्यास कळतो.

मुख्य लेण्यापुढे डोंगराच्या कडेने जाणाऱ्या फरसबंद वाटेवर दुसरे ते पाचवे लेणे आहे. त्यांतील काही अपूर्ण, काही फार जीर्ण आहेत. एखाद्या दालनात दगडी खांब आणि रिकामा गाभारा इतकेच उरले आहे. शिल्पवैभव नसले तरी लेणे कसे खोदले जाई, छतापासून खाली काम कसे उतरत येई, हे समजण्यास अपुरी लेणी पुऱ्या लेण्यांपेक्षा उपयोगी पडतात. ही वाट सावलीची आहे आणि तेथे गर्दी क्वचितच असते.

तोफांचा माथा

पश्चिम डोंगराच्या माथ्यावर ब्रिटिश काळातील दोन मोठ्या तोफा आहेत. मुंबई बंदराच्या संरक्षणासाठी त्या येथे बसवण्यात आल्या होत्या. गोल बैठकीवर फिरवून कोणत्याही दिशेला रोखता येतील अशी त्यांची मांडणी आहे. दारूगोळ्यासाठी बांधलेल्या तळघरवजा खोल्याही जवळ आहेत. लेण्यांच्या बाजूने निघणारी पायवाट साधारण अर्ध्या तासात माथ्यावर पोहोचवते. चढ कठीण नाही, परंतु दुपारी सावली कमी असते व वाटेत पाणी मिळत नाही.

माथ्यावरून एका बाजूला मुंबईच्या इमारतींची रांग, दुसऱ्या बाजूला न्हावा-शेव्याचे बंदर आणि उरणच्या टेकड्या, व खाली तिवरांत शिरलेले खाडीचे पाणी दिसते. जहाजांवर नजर ठेवण्यासाठी हीच जागा का निवडली, हे तेथे उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

स्तूप टेकडी

खिंड ओलांडून पूर्वेकडील डोंगरावर गेल्यास बेटाचा अधिक जुना इतिहास भेटतो. मुख्य लेण्यासमोरच्या उतारावर ‘सीताबाईचे देऊळ’ या नावाने ओळखले जाणारे सहावे लेणे आहे. त्याच्या पुढे सातवे लहान लेणे व खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. माथ्याच्या भागात विटांनी बांधलेल्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. हा स्तूप शैव लेण्यांच्या कित्येक शतके आधीचा आहे. म्हणजे सदाशिवाची मूर्ती कोरली गेली तेव्हा या बेटाला धार्मिक केंद्र म्हणून आधीच दीर्घ परंपरा होती.

दुर्दैवाने हा भाग पाहणाऱ्यांची संख्या फारच थोडी आहे. वाट अस्पष्ट आहे, पावसाळ्यानंतर गवत माजते आणि ज्याला काय पाहावयाचे हे आधी ठाऊक नाही त्याला तेथे केवळ मातीचा उंचवटा दिसतो. गावातील एखाद्या माहितगार व्यक्तीस बरोबर घेणे श्रेयस्कर.

तीन बंदरे

बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही तीन गावे आहेत. शेतबंदर वायव्येस, मोराबंदर ईशान्येस व राजबंदर दक्षिणेकडे आहे. (उरणजवळचे मोरा बंदर निराळे.) तिन्ही नावांत ‘बंदर’ आहे हे सहज घडलेले नाही. मोराबंदराच्या परिसरात व लगतच्या समुद्रात झालेल्या पुरातत्त्वीय संशोधनात रोमन बनावटीच्या ‘अँफोरा’ या दोन मुठींच्या कुंभांचे तुकडे मिळाले आहेत. मद्य, तेल अशा वस्तूंची ने-आण अशा कुंभांतून होत असे. इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांत हे बेट भूमध्य समुद्राशी चालणाऱ्या व्यापाराच्या वाटेवर होते, याचा हा पुरावा आहे.

आजची लोकसंख्या सुमारे १२०० आहे. लोक मुख्यतः आगरी व कोळी समाजांचे असून मासेमारी, थोडी शेती, दुकाने, खाद्यगृहे आणि लाँचवरील नोकऱ्या ही उपजीविकेची साधने आहेत. ओहोटीला चिखलात उतरून निवट्या, चिंबोऱ्या व कालवे गोळा करणे हेही पूर्वापार चालत आले आहे. महाविद्यालयीन शिक्षणासाठी मुलांना समुद्र ओलांडून उरण, नवी मुंबई किंवा मुंबई गाठावी लागते.

मुंबईचे दिवे डोळ्यांसमोर चमकत असताना या गावांत नियमित वीज येण्यास २०१८ साल उजाडावे लागले. त्यापूर्वी संध्याकाळी काही तास जनित्र चाले व त्यानंतर अंधार होई. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राच्या तळावरून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या वाहिनीने बेट महावितरणच्या जाळ्याशी जोडले गेले. पाण्याची अडचण अधिक चिवट आहे. बेटावर नदी नाही. पावसाचे पाणी अडवून वर्ष काढावे लागते व उन्हाळ्यात त्याची ओढ जाणवते. सोबत पाणी नेणाऱ्या पर्यटकाने रिकामी बाटली परत नेली तर गावावर दुहेरी उपकार होतात.

वारसास्थळ म्हणून असलेल्या निर्बंधांची बाजूही समजून घेण्याजोगी आहे. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असते व त्यापलीकडे २०० मीटर ते नियंत्रित असते. शिवाय बेटाच्या किनाऱ्यापासून एक किलोमीटरपर्यंतचा पट्टा १९८५ साली प्रतिबंधित क्षेत्र म्हणून घोषित झाला. या नियमांमुळेच घारापुरीवर हॉटेलांच्या इमारती उभ्या राहिल्या नाहीत आणि डोंगर उघडे-बोडके झाले नाहीत. त्याच नियमांमुळे गावकऱ्याला वाढत्या कुटुंबासाठी घर वाढवणे अवघड जाते. शिवडी ते घारापुरी असा समुद्रावरून जाणारा सुमारे आठ किलोमीटरचा रज्जुमार्ग बांधण्याची योजना मुंबई बंदर प्रशासनाने मांडली होती. तशी सोय झाल्यास गर्दी किती वाढेल आणि पाण्याचे काय होईल, हे प्रश्न लेण्यांइतकेच गावांचेही आहेत. आज पर्यटकांचा पैसा धक्का ते मुख्य लेणे या एकाच वाटेवर खर्च होतो. मोराबंदर व राजबंदरला त्याचा लाभ फारसा पोहोचत नाही. या गावांकडे जाणाऱ्या वाटांवर साधे मार्गदर्शक फलक लावले तरी बराच फरक पडू शकेल.

पर्यटकांना बेटावर रात्री मुक्कामाची परवानगी नाही. परतीच्या शेवटच्या लाँच संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुटतात, म्हणून स्तूप टेकडी व तोफांचा माथा दोन्ही पाहावयाचे असतील तर सकाळच्या पहिल्या लाँचने निघणे आवश्यक ठरते.

महाशिवरात्र

महाशिवरात्रीला बेटावर यात्रा भरते. उरण, पनवेल व मुंबईच्या कोळीवाड्यांतून भाविक होड्यांनी येतात आणि एरवी पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली असलेल्या गाभाऱ्यातील लिंगाची पूजा होते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळातर्फे भरवला जाणारा ‘एलिफंटा महोत्सव’ हा नृत्य-संगीताचा कार्यक्रमही प्रसिद्ध आहे. तो शहरी रसिकांचा उत्सव, तर शिवरात्र ही किनाऱ्यावरील लोकांची जत्रा, असा दोहोंत फरक करता येईल.

दगडी हत्ती

बेटाला नाव देणारा हत्ती राजबंदरच्या बाजूस, जुन्या उतरण्याच्या जागेपासून काही अंतरावर उभा होता. १८१४ साली त्याचे डोके व मान गळून पडली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या हेतूने उचलण्याचा प्रयत्न झाला. त्यात तो मोडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईस आणण्यात आले आणि १९१४ साली सांधून त्यांचा हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयालगत तो आज पाहता येतो. अंगावरचे सांधे स्पष्ट दिसतात. राणीच्या बागेतील जिवंत हत्ती पाहावयास आलेली मुले बहुधा त्याच्या समोरूनच पुढे जातात.